फुकट्या आणि तीनशे चाळीस डबे

जिकराने लॅपटॉप आलोशियस अंकलच्या चहाच्या कपाला अगदी खेटून ठेवला आणि स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"तीन हजार सहाशे चव्वेचाळीस! अंकल, बघा ना, सहाशे चव्वेचाळीस!"

अंकलनी आधी कप उचलून बाजूला ठेवला, मग कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आणि मग कुठे आकड्याकडे बघितलं.

"ओलाव्याचा भाग धरून?"

"धरून!"

"काय सांगते!"

एवढंच म्हणाले, पण खुर्चीत पुढे सरकले. अंकल खुर्चीत पुढे सरकले म्हणजे काय, हे जिकराला तीन महिन्यांत पक्कं कळलं होतं. ग्राहक आरडाओरडा करू दे, फारुखभाई डोक्यावर येऊन उभे राहू दे, हा माणूस पाठ टेकूनच बसायचा. पुढे सरकायचा तो फक्त चिपसाठी.

बहारीनच्या उम्म अल हस्सममध्ये फारुखभाईंचं दुकान होतं. पुढच्या बाजूला पाइप, नळ, फवारे, आणि मागच्या खोलीत आलोशियस अंकल, वसईचे, एकोणीस वर्षं एकाच टेबलावर बसून शेताला पाणी सोडणारे डबे बनवणारे. एक डबा म्हणजे एक नखाएवढी चिप, एक पंप, चार व्हॉल्व्ह. असे तीनशे चाळीस डबे बुदैयाकडच्या शेतांत आणि व्हिलांच्या बागांत भिंतीला ठोकलेले होते. जुलै-ऑगस्टच्या उन्हात हात लावला तर चटका बसेल असे तापायचे आणि तरी चालायचे. चिपमधली जागा किती, तर चार हजार शहाण्णव बाइट. आजकाल फोनमधला एक फोटोसुद्धा त्याच्या हजारपट असतो, आणि ह्या माणसाने त्यात अख्खं शेत बसवलं होतं! जिकराने पहिल्या आठवड्यात तो कोड वाचला आणि घरी जाऊन जेवताना अम्मीला तासभर तेच सांगितलं. अम्मी म्हणाली, आधी तो घास गिळ.

घोळ झाला होता कंपायलरचा. कंपायलर म्हणजे दुभाषा. आपण सी भाषेत लिहायचं, त्याने ते चिपला कळणाऱ्या आकड्यांत उतरवून द्यायचं. आणि हा क्रॉस-कंपायलर, म्हणजे राहायचं लॅपटॉपवर आणि बोलायचं भलत्याच चिपच्या भाषेत. अंकलचा कंपायलर जुना होता, एका जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचा, त्याच्या पाठीत लायसनची प्लास्टिकची चावी खोचलेली. रमजानमध्ये तो कॉम्प्युटर गेला, चावीही गेली, आणि कंपायलर बनवणारी कंपनी तर दहा वर्षांपूर्वीच बंद पडलेली. आता कोडमधलं एक अक्षर बदलायचं तरी नवा दुभाषा हवा होता. आणि बदलायचं तर होतंच, कारण मातीचा ओलावा बघून पाणी सोडणारे डबे देतो असं फारुखभाई सगळ्यांना सांगून बसले होते.

"गुरुवारपर्यंत ठरवा," फारुखभाईंनी रविवारी सांगितलं होतं. "नाही तर मी दुबईहून तयार डबे मागवतो. हे तीनशे चाळीस खलास, भंगारात. मागची खोली बंद. जिकरा, तू मग पुढे काउंटरवर. बिल बनवता येतं ना?"

ते रायगडचे, त्यामुळे रत्नागिरीच्या मुलीला टोचून बोलायचा आपल्याला हक्कच आहे असं समजायचे. पण हे टोचणं नव्हतं, ते खरंच करणार होते. आणि शुक्रवारी अंकलचं मुंबईचं विमान होतं. साठ झाले, व्हिसा कॅन्सल, कायमचे वसईला. त्यानंतर त्या कोडबद्दल विचारायला ह्या बेटावर कोणी उरणार नव्हतं.

म्हणून जिकरा तीन कंपायलर घेऊन बसली होती. तिघांना तिने नावं दिली होती. पहिला चिप बनवणाऱ्या कंपनीचाच, तो 'मालक'. त्याने तोच कोड पाच हजार दोनशेच्या वर नेला, चिपमध्ये मावेचना, तो गेला. दुसरा 'शेठ', विकतचा, दर वर्षी लायसन लागणारा, त्याने चार हजार एकाहत्तर दिले. मावलं, पण पंचवीस बाइट शिल्लक, म्हणजे दरवाजा लावल्यावर श्वास घेता येणार नाही अशी खोली. तिसरा फुकट, नेटवरून कोणीही उतरवून घ्यावा असा. त्याचं नाव 'फुकट्या'. आणि फुकट्याने दिले तीन हजार सहाशे चव्वेचाळीस!

"एवढं कमी कसं केलं त्याने?" अंकलनी विचारलं.

"हुशार आहे तो. नको ते सगळं काढून टाकतो."

"नको ते म्हणजे?"

"म्हणजे डेड कोड, अंकल. ज्याचा काही उपयोगच नाही."

अंकल काहीतरी विचारणार होते, पण तेवढ्यात त्यांना व्हिसाच्या कागदासाठी फोन आला आणि ते उठले. जाताना म्हणाले, "उद्या बुदैयाला लावून बघू. चंद्रशेखरला सांग."

ते गेल्यावर जिकराने फुकट्याने काय काय काढलं त्याची यादी उघडली. सगळ्यात वर एक फंक्शन होतं, नाव डी-ए-एम. डॅम. आत बघितलं तर नुसता एक ते काही हजार आकडे मोजत होतं, दुसरं काही म्हणजे काहीच नाही. ती हसायला लागली.

"फारुखभाई, अंकलने कोडमध्ये धरण बांधलंय!"

फारुखभाई दारातून डोकावले. "बहारीनमध्ये धरण? नदी कुठाय?"

"तेच ना. कधीतरी बांधायला घेतलं असेल आणि सोडून दिलं."

"आलूभाईला पाणी म्हटलं की काही सुचत नाही," म्हणत ते पुन्हा काउंटरकडे गेले, आणि जिकराने टेबलावरच्या डब्यात फुकट्याचा कोड भरला. बटण दाबलं. पंपाचा दिवा विझला, व्हॉल्व्हचा विझला, आतल्या रिलेचे, त्या छोट्या स्विचांचे, आवाज एकात एक मिसळून गेले, टक्टक. आधी ते टक आणि मग टक असे वाजायचे. फास्ट झालाय, जिकराला वाटलं, आणि तिला तो फुकट्या आणखीनच आवडला.

मंगळवारी सकाळी बुदैयाच्या रस्त्याला लागेपर्यंत ती बोलतच होती. अंकल गाडी चालवत होते आणि मध्ये मध्ये हूं म्हणत होते. शेतावर चंद्रशेखर वाटच बघत होता. तो तिथला मुकादम, बारा वर्षं तिथेच, सगळ्यांशी हिंदीत बोलणारा, मधूनमधून अरबी टाकणारा. जर्जीरचे, म्हणजे तिकडच्या पालेभाजीचे, वाफे नुकतेच तरारले होते, हिरवेगार, पाण्याचे थेंब अजून पानांवर.

"मॅडम, कुछ गडबड तो नहीं होगा ना?"

"मफी गडबड, कुछ नहीं होगा," जिकरा म्हणाली आणि तिने कोड भरला.

पंप सुरू झाला. पाणी पाइपातून धावलं, वाफ्यांवर पसरलं. ओलाव्याचा आकडा चढत गेला, बरोबर जागी आला, डब्याने पंप बंद केला, व्हॉल्व्ह बंद केला आणि जमिनीखालून कोणी घण घातल्यासारखा धाड्‌कन आवाज आला. अख्खा पाइप हलला, कोपऱ्यावरचा जोड उडाला आणि पाण्याचा फवारा थेट चंद्रशेखरच्या छातीवर.

"बंद करो! अरे बंद करो!"

"बंदच केलंय!" जिकरा ओरडली. तेच तर झालं होतं.

अंकल धावले नाहीत. मोठ्या चावीने मागचा नळ फिरवून आले, भिजलेल्या पँटवरच पाइपाशी गुडघ्यावर बसले आणि उडालेला जोड हातात घेऊन बघत राहिले. जर्जीरचा एक वाफा पुरता वाहून गेला होता.

"दम कुठे गेला?" ते म्हणाले.

"काय?"

"दम, बाय. आधी पंप बंद, मग दम, मग व्हॉल्व्ह. पाइपातलं पाणी धावत असतं, त्याच्या तोंडावर दरवाजा आपटला तर ते पाइप फोडणारच. पाऊण सेकंद दम घ्यायचा. मी ठेवला होता ना. डी-ए-एम."

जिकराच्या हातातली केबल खाली पडली.

"डॅम..."

"डॅम कोण म्हणतो? दम! दम घे, दम खा, दम धर. तुमच्या रत्नागिरीत कोणी दम खात नाय?"

"खातात," जिकरा इतक्या हळू म्हणाली की चंद्रशेखरने "क्या बोला?" असं विचारलं.

तिने सगळं सांगून टाकलं. यादी, धरण, फारुखभाईंशी केलेली मस्करी, टक्टक, सगळं, एका दमात. अंकलनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. जिकराला वाटलं, रागावले, पण ते हसत होते.

"एकोणीस वर्षं मी पाण्याला दम देतोय आणि तुम्ही दोघांनी तिथे धरण बांधलं!"

फारुखभाईंचा फोन आला तेव्हा अंकलनी तो स्पीकरवर टाकला.

"ऐकलं मी, चंद्रशेखरने सांगितलं. फुकट्या खलास. शेठ घ्या. त्याने दम काढला नाही ना?"

"नाय काढला," अंकल म्हणाले. "शेठ आपण सांगू तेवढंच करतो."

"मग झालं तर. यल्ला, चला, शेठ!"

जिकराने मान खाली घातली. हे बरोबरच होतं. गुरुवार वाचला, डबे वाचले, तिची नोकरीसुद्धा कदाचित वाचली. तरीही तिला फुकट्यासाठी वाईट वाटत होतं, जसं वर्गातल्या एखाद्या हुशार मुलाला बाहेर उभं केल्यावर वाटतं.

"थांब फारुखभाई," अंकल म्हणाले. "चूक त्याची नाय."

"मग कोणाची? पोरीची?"

"माझी."

चंद्रशेखर शर्ट पिळायचा थांबला.

"मी लिहिलं, इतके आकडे मोज. का मोज, ते लिहिलं नाय. जुना कंपायलर मंद होता, तो निमूट मोजायचा. हा डोकं चालवतो. ह्याने बघितलं, मोजून काय मिळतं? काय नाय. मग त्याने काढलं. नियमाने त्याला तो हक्क हाय. नियमातच एक शब्द हाय, तो लिहिला की कंपायलर त्या जागेला हात लावत नाय, कारण कळलं नाय तरी. व्होलाटाइल. मी तो लिहिलाच नाय. एकोणीस वर्षं माझी चूक लपली, कारण मला दुभाषा मंद मिळाला."

जिकरा त्यांच्याकडे बघतच राहिली. सगळ्या बेटावर त्या कोडला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, तीनशे चाळीस डब्यांत मिळून एकोणीस वर्षांत एक तक्रार नव्हती, आणि हा माणूस चिखलात गुडघे टेकून, भिजलेला, दुकानाचा मालक फोनवर असताना, कोणी विचारलेलं नसताना म्हणत होता, चूक माझी. आणि वर ते असं म्हणाला जसं कोणी सांगतं, आज मंगळवार.

"आणि शेठची चावी पुन्हा गेली तर?" अंकल पुढे म्हणाले. "ती कंपनी बंद पडली तर? तेव्हा मी वसईला असेन."

"गुरुवार, आलूभाई," फारुखभाई म्हणाले. "मी शब्द दिलाय लोकांना."

"उद्याचा दिवस दे."

बुधवारचा अख्खा दिवस दोघं मागच्या खोलीत बसले. जिकरा फुकट्याने चिपसाठी उतरवलेला कोड एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि अंकल डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात वर करायचे. "परत वाच." ती परत वाचायची. "इथे एक वाचन गेलं. तिथे लाव तो शब्द." त्यांना कागद लागत नव्हता! कुठला आकडा चिपच्या कुठल्या पायावर जातो, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडतो, सगळं मिटल्या डोळ्यांमागे मांडलेलं. अशा आणखी तीन जागा सापडल्या. आणि जिकरा आता एकही नाव गृहीत धरत नव्हती.

"हे के-ए-एल. काल? म्हणजे कालचा आकडा?"

"कळ. दाबायची कळ. बटण."

"पी-ए-टी?"

"पाट. पाण्याचा."

"एम-ए-एन?"

"मान. मापाचं. तू काय समजलीस?"

"मॅन," जिकरा म्हणाली, आणि दोघंही इतके हसले की पुढून फारुखभाईंनी ओरडून विचारलं, चाललंय काय तिकडे?

जेवणानंतर एका ठिकाणी अंकलनी हात वर केला आणि तो वरच राहिला. जिकराने ते पान तीनदा वाचलं. त्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला, लॅपटॉप स्वतःकडे वळवला. चार व्हॉल्व्हसाठी त्यांनी चार वेगळे तुकडे लिहिले होते, जवळजवळ सारखे, शेवटी थोडा थोडा फरक. फुकट्याने त्या चारांच्या शेपट्या एकत्र केल्या होत्या. चौघंही आपापलं काम करून एकाच वाटेने बाहेर पडत होते.

"हे मी हाताने करायला गेलो होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी. आठवडा घालवला आणि सोडून दिलं." ते बोटाने ओळी खाली-वर करत राहिले. "ह्याने करून ठेवलं. आणि बघ, एक पाऊल वाया नाय. कोण लोक हायत हे?"

"जगभरातले. एकमेकांना ओळखतही नसतील. कामधंदा सांभाळून करतात, वर्षानुवर्षं. कोणीही घ्या, वापरा म्हणतात."

"आणि तू त्यांना फुकट्या म्हणते."

ते रागाने म्हणाले नव्हते, तरी जिकराचे कान तापले. संध्याकाळी पक्का आकडा आला, तीन हजार सातशे दोन. तिने तो वहीत लिहिला आणि समोरच्या रकान्यात पहिल्यांदाच कंपायलरचं खरं नाव लिहिलं.

गुरुवारी बुदैयाला फारुखभाई स्वतः आले. नव्या जोडापासून चांगली दहा पावलं लांब उभे राहिले, आणि चंद्रशेखर त्यांच्याही मागे. पंप थांबला. पाइपात पाणी हळूहळू सुस्तावल्याचा सूंऽऽ असा आवाज आला. मग व्हॉल्व्ह मिटला, एखादी डबी झाकावी तसा. चंद्रशेखर म्हणाला, "हो गया? बस?" फारुखभाईंनी खिशातून किल्ल्या काढल्या.

"बाकीचे तीनशे एकोणचाळीस कधी?"

"सुट्टी संपली की, रविवारपासून," जिकरा म्हणाली. "रोज दहा."

"मग रविवारी एचआरकडे सही करून घे. पर्मनंटचा कागद तयार आहे." आणि गाडीत बसता बसता, "धरण नको बांधू आता."

दुपारी अंकलनी टेबल आवरलं. सोल्डरिंगचं पेन तिच्याकडे सरकवलं, भिंग सरकवलं, मल्टिमीटर सरकवला. स्वतःसाठी खणातून एक बोर्ड काढला, एका पाडलेल्या व्हिलाच्या भिंतीवरून उतरवून आणलेला, हिरवा रंग उन्हाने फिका पडलेला. तो त्यांनी रुमालात गुंडाळायला घेतला आणि थांबले.

"तो कंपायलर माझ्या लॅपटॉपवर चालेल?"

"चालेल की! का नाही चालणार?"

"लायसन-बियसन?"

"काही नाही. वसईला, कुठेही."

त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, जुना, एक कोपरा टेपने चिकटवलेला. जिकराने तो घेतला, डाउनलोड लावलं. दोघं हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसले.

"तिथे काय बनवणार, अंकल?"

"घरामागे केळी हायत. बायको, डेल्फिन, पाइप धरून उभी राहते रोज. बघू." मग थोड्या वेळाने, "मला ह्यातलं अर्धं येत नाय. नवीन हाय सगळं. अडलं तर विचारायचं कुठे?"

"फोरम आहे ना. हजारो लोक असतात. दोन मिनिटांत उत्तर येतं."

"फोरम-बिरम नको. माणूस सांग."

जिकराने आधी लॅपटॉपकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. अंकलनी रुमाल सोडवला, बोर्ड उलटा केला आणि मार्कर तिच्यापुढे धरला.

तिने बोर्डाच्या पाठीवर, सोल्डरच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्टीत, आपला नंबर लिहिला. आठ आकडे. टोपण लावलं. मग पुन्हा काढलं, आणि पुढे उरलेल्या जराशा जागेत, अगदी बारीक अक्षरात, वसईहून लागेल तो बहारीन देशाचा कोड लिहिला.